पाच खुलाशांची सरासरी

वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत तात्याने नोकरीत एकूण दोनच वाक्यं लिहिली होती. एक, 'काटा तपासला, बरोबर आहे.' आणि दुसरं, 'काटा तपासला, बरोबर नाही.' वजनकाटे तपासण्याच्या खात्यात याहून जास्त साहित्यनिर्मितीला वाव नसतो. पहिलं वाक्य त्याने अंदाजे अकरा हजार वेळा लिहिलं होतं आणि दुसरं नऊशे वेळा. एकंदरीत पाहता त्याची लेखणी आशावादीच म्हणायला हवी.

तात्या हे त्याचं खरं नाव नव्हे. चार वर्षांचा असताना तो जेवायला बसताना पाठीला उशी मागायचा आणि "आज फार दगदग झाली" असं म्हणायचा. तेव्हा आई त्याला तात्या म्हणाली, ते चिकटलं. आता ऑफिसातले साठीला आलेले साहेबसुद्धा त्याला तात्या म्हणतात आणि तोही कुरकुर न करता ओ देतो.

अशा या माणसाला एका सोमवारी ग्रंथालयाची चिठ्ठी आली. तीन भागांच्या एका जाडजूड कादंबरीचा दुसरा भाग त्याच्याकडे पाच महिने होता. मुदत तीनदा वाढवून झाली होती. चौथ्यांदा वाढवायला तो गेला, तेव्हा ग्रंथपालबाईंनी "पुस्तक दाखवा" म्हटलं. तात्याने, पुस्तक थोडं ओलं आहे, असं सांगितलं. बाईंनी, किती थोडं, असं विचारलं. तात्याने हाताने अंतर दाखवलं. मासा केवढा होता ते सांगताना लोक दाखवतात, तेवढं. बाईंनी चिठ्ठीचं पुस्तक ओढलं.

चिठ्ठीत लिहिलं होतं: नवी प्रत आणून द्यावी. प्रत मिळत नसल्यास, घडला प्रकार स्वतःच्या शब्दांत लिहून खुलासा द्यावा. खुलासा समाधानकारक नसल्यास कार्ड रद्द होईल.

कार्ड एक्केचाळीस नंबरचं होतं, आणि ते तात्याच्या आईचं होतं. ती गेल्यावर ग्रंथालयाने ते त्याच्या नावावर केलं, पण सही तिचीच राहू दिली. ग्रंथालयात कार्डांची एक लाकडी पेटी आहे. कार्ड रद्द झालं की त्या नंबरच्या खाचेत पुठ्ठ्याचा कोरा तुकडा घालतात आणि तो नंबर पुन्हा कुणाला देत नाहीत. चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये पुठ्ठा, ही कल्पना तात्याला सहन होईना. बाकी त्याला आयुष्यात पुष्कळ काही सहन होत असे.

आता प्रकार काय घडला होता तो आपण आपला आधीच सांगून टाकू, कारण पुढे तो इतक्या जणांनी सांगितला की शेवटी तात्यालाही आठवेनासा झाला.

तात्याच्या घरचं वॉशिंग मशीन चालायचं, म्हणजे खरोखरच चालायचं. कपडे पिळायला लागलं की ते भिंत सोडून थरथरत दाराकडे निघायचं, आणि बायको त्याच्यावर बसून त्याला थोपवायची. एका रविवारी सकाळी अकरा वाजता तात्याने पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा एका कोपऱ्यात जाऊन बसला होता. आयुष्यभर लोकांचे काटे सरळ करणाऱ्या माणसाच्या घरात मशीन तिरकं! त्याने मोजलं. मागच्या डाव्या पायाला अडतीस मिलिमीटर कमी पडत होते. मग तो अडतीस मिलिमीटरची वस्तू शोधत घरभर फिरला. पोळपाट पंचेचाळीस भरला. शब्दकोश साठ. आणि आदल्याच शुक्रवारी आणलेला, अजून उघडलाही नव्हता असा कादंबरीचा दुसरा भाग बरोब्बर अडतीस.

"अहो, ते ग्रंथालयाचं आहे," बायको म्हणाली.

"तात्पुरतं ठेवतोय," तात्या म्हणाला.

तात्पुरतं हा शब्द ज्याने शोधून काढला, त्याच्या घरी काय काय तुटलेलं पडलं असेल, देव जाणे.

तीन दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी पुन्हा अकरालाच, मशीनचा पाईप सुटला. पुस्तक पोटभर पाणी प्यालं, फुगलं, मशीनचा पाय त्यात खोल रुतला, आणि नवलाची गोष्ट म्हणजे पाणसळीतला बुडबुडा आता जास्तच मधोमध आला. इतकं सरळ मशीन तात्याने कारखान्यातही पाहिलं नव्हतं. पुस्तक काढायचं म्हणजे ते बिघडवायचं. हात धजेना. असे पाच महिने गेले.

नवी प्रत शोधायला तो जुन्या पुस्तकांच्या नऊ दुकानांत फिरला. पहिला भाग सगळीकडे होता. तिसरा भागही होता. दुसरा भाग कुठेच नव्हता. बहुधा अनेक घरांतून तो मशीनखालीच असावा.

तेव्हा राहता राहिला खुलासा.

तात्या टेबलाशी बसला, पेनचं टोपण काढलं, आणि तासाभराने त्याच्या लक्षात आलं की स्वतःचे शब्द म्हणून आपल्याकडे जे आहेत ते जेमतेम पाच आहेत, आणि त्यांतला एक 'काटा' आहे.

"मी लिहून देतो," बाबा म्हणाले. तात्याचे वडील चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. पेन हातात घेतलं की त्यांचा चेहरा बदलतो आणि कंबर सरळ होते. दहा मिनिटांत त्यांनी कागद पुढे सरकवला.

'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर पुस्तक सदर ठिकाणी ठेवण्यात आलेले असता, सदर वेळी त्यावर पाणी येण्यात आले व ते भिजण्यात आले. सबब कळावे.'

बायकोने तो वाचला. "बाबा, पण पुस्तक ठेवलं कोणी?"

"ठेवण्यात आलं."

"हो, पण कोणी?"

"सूनबाई," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "नाव लिहिलं की चौकशी लागते. चौतीस वर्षांत मी एकाही कागदात माणूस येऊ दिला नाही. म्हणून तर पेन्शन वेळेवर सुरू झालं."

खरंच, त्या खुलाशात घर होतं, पाणी होतं, पुस्तक होतं, पण राहणारं कोणीच नव्हतं. वाचून तात्याला आपल्याच घराची भीती वाटली.

समोरच्या दारातले वकील तेवढ्यात साखर मागायला आले होते. ते साखर मागायला येतात आणि सल्ला देऊन जातात. साखरही घेऊन जातात. त्यांनी बाबांचा कागद उजेडाकडे धरला आणि जीभ चुकचुकवली.

"तात्या, हा कबुलीजबाब आहे."

"पण यात मी नाहीच आहे."

"पाणी आहे ना? पाणी कबूल केलंत की संपलं."

मग त्यांनी स्वतः लिहिलं. त्यांच्या खुलाशात पुस्तक हे 'कथित पुस्तक' होतं, मशीन हे 'कथित यंत्र' होतं, आणि कथित पाणी हे मुळात पाणीच होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी ग्रंथालयावर होती. शिवाय, पुस्तक नेमकं अडतीस मिलिमीटर जाडीचं छापून सभासदांना मोहात पाडल्याबद्दल ग्रंथालयावरच दावा करण्याचा हक्क राखून ठेवला होता. घटनेच्या वेळी घरात 'कथित पत्नी' हजर होती, असंही एक वाक्य होतं.

"कथित पत्नी आज स्वयंपाक करणार नाही," बायको म्हणाली आणि बाहेर निघून गेली. आपल्यामुळे हे झालं हे कळताच वकीलही साखर घेऊन निघाले.

बायको गेली ती तिच्या बहिणीकडे, आणि परत आली ती बहिणीला घेऊनच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! तात्याची मेव्हणी रेडिओवरच्या मालिकांचे संवाद लिहिते. तिच्या मालिकेत गेली सहा वर्षं एक बाई दार उघडते आहे. दोन्ही कागद वाचून तिने डोळे मिटले.

"भावोजी, ह्यात भावना कुठे आहे?"

"भावना कशाला हवी? पुस्तक भिजलंय."

"कार्ड आईचं आहे ना? मग!"

तिने लिहिलेल्या खुलाशात संध्याकाळचे सात वाजले होते. बाहेर वादळ होतं. विजा चमकत होत्या. घरात तात्या एकटाच खिडकीशी उभा होता, कारण बायको रागावून माहेरी गेली होती. त्याच्या छातीशी ते पुस्तक होतं, ज्यावरून आईचा हात फिरला होता. वीज कडाडली, दिवा विझला, हात थरथरला... 'आणि पाण्याचा पहिला थेंब त्या पानावर पडला. तो पाईपचा होता की डोळ्यातला, हे आज कोण सांगेल?'

"पाईपचा होता," तात्या म्हणाला. "आणि सकाळचे अकरा वाजले होते. ऊन होतं."

"अकरा वाजता कोणाला रडू येतं हो, भावोजी?"

तात्याने आठवून पाहिलं. खरंच, त्यालाही अकरा वाजता कधी रडू आलं नव्हतं.

"आणि मी माहेरी कधी गेले?" बायकोने विचारलं.

"गेली नसतीस तर हे एकटे कसे पडले असते?" मेव्हणी म्हणाली. "थोडी झीज सोस ना गोष्टीसाठी."

हा आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरचे समालोचक वर आले. ते फुटबॉलच्या सामन्यांचं धावतं वर्णन करतात आणि जिना चढतानाही श्वास न घेता बोलतात. वास्तविक त्या पाण्याचा खरा फटका त्यांनाच बसला होता. त्यांच्या छतावर अजून डाग आहे. पण तो विषय त्यांनी मोठ्या मनाने बाजूला ठेवला. म्हणजे, "डागाचं राहू द्या" असं ते दर भेटीत म्हणतात.

"ह्या सगळ्यात वेग नाही," ते म्हणाले. "द्या कागद." आणि लिहिताना मोठ्याने बोलत सुटले. 'सकाळचे अकरा, लख्ख ऊन, आणि पाईप सुटला आहे! पाणी डाव्या बाजूने मुसंडी मारतं आहे, तात्या धावले, हातात बादली, वय छत्तीस पण काय ही चपळाई, बादली मारली, हुकली! पंचांचं लक्ष नाही! पुस्तक एकटं पडलं आहे, पुस्तक भिजतं आहे, पुस्तक...' त्यांच्या खुलाशात शेवटी सामना बरोबरीत सुटला होता आणि तात्याला प्रेक्षकांनी उभं राहून मानवंदना दिली होती.

तात्याला हा खुलासा फार आवडला. तो त्याने तीनदा वाचला. चपळाई हा शब्द त्याच्याबद्दल याआधी कोणी वापरला नव्हता.

चारही कागद त्याने टेबलावर ओळीने मांडले. एकच पाईप, एकच पुस्तक, तीच दहा मिनिटं. पण एका कागदात तो नव्हताच, दुसऱ्यात तो संशयित होता, तिसऱ्यात दुःखी होता आणि चौथ्यात त्याचे स्नायू पिळदार होते. यातला खरा कोणता? दुसरा कोणी असता तर 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असं म्हणून चारही फाडून मोकळा झाला असता. पण तात्या पडला वजनकाट्याच्या खात्यातला, आणि तिथे अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. काटा वेगवेगळी वजनं दाखवायला लागला की पाच नोंदी घ्यायच्या आणि सरासरी काढायची. चार चालत नाहीत. नियमात पाच आहेत.

"एक खुलासा तू दे," तो बायकोला म्हणाला.

तिने साबणाच्या खोक्याची मागची बाजू घेतली, उभ्याउभ्याच दोन वाक्यं लिहिली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

'ह्यांनी ठेवलं. मी नको म्हणाले होते.'

आता खात्यात आणखी एक नियम आहे. पाच नोंदींपैकी एखादी इतर चारांपासून फारच लांब गेली, तर ती चूक धरून बाद करायची. तात्याने प्रामाणिकपणे तुलना केली. बायकोची नोंद कशाशीच जुळत नव्हती. बाद करावी लागली. नियमापुढे नाती नसतात.

उरलेल्या चारांची सरासरी काढायला त्याला पूर्ण रविवार लागला. मेव्हणीचे संध्याकाळचे सात आणि समालोचकांचे सकाळचे अकरा, सरासरी दुपारचे तीन. चारांपैकी एकातच वादळ, म्हणून हवामान 'पाव वादळी'. बायको एका कागदात माहेरी, एकात घरी, तेव्हा ती 'वाटेत' होती. दोषाची वाटणी सगळ्यात अवघड गेली: 'एक चतुर्थांश दैव, एक चतुर्थांश ग्रंथालय, एक चतुर्थांश पंच, व उरलेला एक चतुर्थांश दोष करण्यात आला.' खाली टीप: 'पाचवी नोंद इतरांशी जुळत नसल्यामुळे बाद.' मग त्याने पाचही मूळ कागद पुरावा म्हणून जोडले, टाचणी लावली, आणि बऱ्याच दिवसांनी समाधानाने झोपला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ज्याचा हात असतो त्याला ते शेवटी कळतं.

ग्रंथालयाची समिती तिघांची आहे. तिसरे सभासद नेहमी गैरहजर असतात, म्हणून ती दोघांची आहे. ग्रंथपालबाई, आणि अध्यक्ष. अध्यक्ष निवृत्त पशुवैद्य. वय चौऱ्याऐंशी. वाचनकक्षात लांब टेबलाच्या एका टोकाला ते दोघं बसले होते आणि दुसऱ्या टोकाला तात्या. मधे कार्डांची लाकडी पेटी होती.

बाईंनी चारही खुलासे एकेक करून वाचून दाखवले. मोठ्याने, स्पष्ट, चढउतार न करता. समालोचकांचा कागद त्या सुरात ऐकणं ही एक शिक्षाच होती. 'बादली मारली. हुकली. पंचांचं लक्ष नाही.' शेवटी त्यांनी सरासरी वाचली, चष्मा काढला आणि तात्याकडे पाहिलं.

"पहिल्या कागदातल्या घरात कोणी राहत नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात जे राहतात त्या सगळ्यांवर संशय आहे. तिसऱ्यात तुम्ही रडताय. चौथ्यात तुम्ही जिंकताय. ह्यातले तुम्ही कोण?"

"मी सरासरी आहे," तात्या म्हणाला.

अध्यक्षांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते पुढे झुकले.

"हे बघा, त्या पुस्तकासाठी तुमच्यानंतर माझा नंबर आहे. पहिला भाग मी पाच महिन्यांपूर्वी संपवला. शेवटी ती बाई जिन्यात उभी आहे. हातात पत्र. खाली तो वाट बघतोय. वाचलंय ना तुम्ही?"

"पहिला भाग वाचलाय."

"पाच महिने ती तिथेच उभी आहे हो! आता तिचे पाय दुखत असतील. ती उतरली का? नको, सांगू नका! सांगू नका!"

"मला ठाऊक नाही," तात्या म्हणाला. "मी दुसरा भाग वाचला नव्हता. फक्त मोजला होता."

वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका गृहस्थांनी ते खाली घेतलं. बाईंनी टाचणी काढली आणि साबणाच्या खोक्याचा तुकडा वेगळा केला.

"हा बाद का?"

"इतरांशी जुळत नाही, बाई."

"हा कोणाचा?"

"बायकोचा."

बाईंनी तो वाचला. मग अध्यक्षांनी वाचला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच कोड्याचं उत्तर दोघांना एकदम सुटावं, तसं. बाईंनी एक कोरा कागद आणि पेन्सिल टेबलावरून तात्याकडे सरकवली, आणि दुसऱ्या हाताने पेटीतून एक्केचाळीस नंबरचं कार्ड काढून आपल्यापुढे ठेवलं.

"चिठ्ठीत 'स्वतःच्या शब्दांत' असं लिहिलं होतं. इथेच बसून लिहा. कोणाला विचारायचं नाही."

"माझ्याकडे शब्द फार कमी आहेत, बाई."

"आहेत तेवढे वापरा."

तात्याने कार्डाकडे पाहिलं. आईची सही कोपऱ्यात होती, थोडी डावीकडे कललेली. पाणसळ ठेवली असती तर बुडबुडा नक्की हलला असता. का कोण जाणे, ती सही सरळ करावी असं मात्र त्याला वाटलं नाही. मग त्याने कागदावर तारीख घातली, कारण त्याशिवाय त्याचा हात चालत नाही, आणि रोज लिहितो तसं लिहून टाकलं.

'मशीन तपासलं. बरोबर नव्हतं. एका पायाला अडतीस मिलिमीटर कमी होते. पुस्तक मोजलं. अडतीस भरलं. बायको नको म्हणाली. मी ठेवलं. तीन दिवसांनी पाईप सुटला. पाच महिने मी पुस्तक काढलं नाही, कारण मशीन सरळ उभं होतं. कार्ड माझ्या आईचं आहे. तिने कधी पान दुमडलं नाही. मशीन बरोबर आहे. पुस्तक बरोबर नाही.'

बाईंनी हा कागदही मोठ्याने वाचला, त्याच सपाट सुरात. पण या कागदाला तो सूर अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. तात्याला पहिल्यांदाच आपलं लिखाण कोणीतरी वाचून दाखवत होतं. त्याने मान खाली घातली. घड्याळात अकरा वाजले होते. मेव्हणीला हे सांगून काही उपयोग नव्हता.

"मला मशीन दिसलं," अध्यक्ष हळूच म्हणाले. "आधीच्या कागदांत नुसता आवाज होता."

बाईंनी एक्केचाळीस नंबरचं कार्ड उचललं, चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये परत घातलं आणि बोटाने खाली दाबलं.

"पुस्तक आणा," त्या म्हणाल्या. "जसं असेल तसं. आणि दर रविवारी इथे येऊन ह्यांना वाचून दाखवा. ह्यांचे डोळे आता ओलं पान वाचणारे नाहीत. त्या बाईला जिन्यातून तुम्हीच उतरवायचं."

पुस्तक बाहेर काढणं सोपं नव्हतं. वकिलांनी एक कोपरा धरला आणि आपण फक्त साक्षीदार आहोत असं बजावलं. समालोचकांनी दुसरा धरला आणि "उचललं आहे, अजून उचललं आहे" असं सांगत राहिले, जे सगळ्यांना दिसत होतं. बाबा, मशीन हलवण्यात यावं, असं लांबून म्हणत होते. मेव्हणीने डोळे पुसायला सुरुवात केली. बायकोने एका झटक्यात पुस्तक ओढलं. मशीन पुन्हा तिरकं झालं आणि पाणसळीतला बुडबुडा घरी परतल्यासारखा कोपऱ्यात गेला.

ग्रंथालयात अध्यक्षांनी पुस्तक टेबलावर आडवं ठेवून दोन्ही हातांनी चाचपलं. "पोट फुगलंय," ते म्हणाले. "पण जगेल." पानं सुटी करून तात्याच्या गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून अकरा दिवस वाळवली. त्या अकरा दिवसांत घरचे कपडे खुर्च्यांवर वाळत होते आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. बहुतेक पानं वाचण्यासारखी निघाली. फक्त पहिल्या चाळीस पानांच्या मधोमध, जिथे मशीनचा पाय रुतला होता, तिथे बशीएवढा गोल साफ पुसला गेला होता.

पहिल्या रविवारी तात्या वाचायला बसला. ऐकायला घरचे आणि शेजारी सगळे आले होते. नको म्हणायची सोय नव्हती, कारण ग्रंथालय सगळ्यांचं आहे.

"'तिने पत्र उलगडलं,'" तात्या वाचू लागला. "'खालून त्याची हाक आली. ती कठड्याला धरून म्हणाली, मी आता...' इथे मशीनचा पाय आहे."

"मी आता काय?" अध्यक्ष ओरडले.

"पाय आहे. पुढे एकदम 'दार लागलं' असं आहे."

अध्यक्षांनी टेबलावर बोटं वाजवली. मग ते सगळ्यांकडे वळले. "तुम्ही सगळे लिहिणारे ना? मग सांगा. मधे काय झालं असेल?"

बाबा उभे राहिले. "सदर जिना उतरण्यात आला असावा."

"कोणी उतरला?"

"ते नमूद नाही."

वकिलांच्या मते कथित पत्र बनावट होतं आणि तिने कठड्यालाच धरून राहणं हिताचं होतं. समालोचकांनी तिला एका दमात बावीस पायऱ्या खाली आणलं, शेवटच्या तीन पायऱ्यांवर ती घसरली आणि सावरली. मेव्हणीने दिवे घालवले, वादळ सुरू केलं आणि तिला निम्म्या जिन्यातून परत वर पाठवलं. एकच बाई, एकच जिना, पण दर वेळी वेगळंच कोणीतरी उतरत होतं, आणि प्रत्येकीच्या चालीत सांगणाऱ्याची चाल होती. अध्यक्षांना प्रत्येक बाई थोडी थोडी आवडली. पण प्रत्येक वेळी ते मान हलवून म्हणाले, "ही ती नव्हे."

मग त्यांनी तात्याच्या बायकोकडे पाहिलं. "साबणवाल्या बाई, तुम्ही सांगा."

बायको थोडी अवघडली. "मला काय कळतं त्यातलं?"

"तरीपण."

"मी आता येते, म्हणाली असेल. आणि आली खाली. दार लागलं, म्हणजे दोघं बाहेर गेले."

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही पाय लांब केले. पाच महिने तेच जिन्यात उभे असावेत, तसे.

"उतरली," ते म्हणाले. "हीच ती. वाचा पुढे."

बाईंनी त्या दिवशी पातळ कागदाचे बशीएवढे गोल तुकडे कापले. दर रविवारी तात्याची बायको सांगेल तसं तात्या त्यांवर पेन्सिलीने लिहायचा, आणि बाई ते पानांना चिकटवायच्या. एकदा बायकोलाच सुचेना, तेव्हा मेव्हणीला थोडा पाऊस पाडू दिला. दुसऱ्या एका ठिकाणी, जिथे कोणालाच दोष द्यायचा नव्हता, तिथे बाबांचं वाक्य जसंच्या तसं बसलं. बांधणी होऊन पुस्तक कपाटात गेलं तेव्हा तात्याच्या स्वतःच्या शब्दांतल्या खुलाशाची घडी बाईंनी शेवटच्या पानामागे चिकटवली होती. नोंदवहीत शेरा होता, 'पुस्तक तपासले. आता बरोबर आहे.' अक्षर बाईंचं होतं, पण तात्याला ते वाचून जरा लाजल्यासारखं झालं.

मग तो तिसरा भाग घ्यायला गेला. बाईंनी एक्केचाळीस नंबरच्या कार्डावर तारीख टाकली, पुस्तक पुढे केलं, आणि तात्याने धरल्यावरही आपलं टोक सोडलं नाही.

"जाडी मोजलीत?"

"नाही, बाई."

बाईंनी पुस्तक सोडलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. मागे रांगेत दोघंजण उभे होते. तात्याने एकदा पेटीकडे पाहिलं.

"त्रेचाळीस," तो म्हणाला. "कपाटाशीच मोजली. उपयोग नाही."

तेव्हा बाईंनी सोडलं.